नामवंतांचा संघ आणि मेळाचा प्रश्न : मुंबई इलाख्याच्या क्रिकेट-इतिहासाची साक्ष

१

नामवंत खेळाडू एकत्र आणले म्हणजे विजयी संघ सिद्ध होतो काय, हा प्रश्न वरवर पाहता केवळ क्रीडाशिक्षकांच्या विचाराचा वाटतो. वस्तुतः तो समाजेतिहासाचाही आहे. पाचोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावीही तो दरवर्षी उपस्थित होतो. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील महाविद्यालयांचे निवडक खेळाडू घेऊन विद्यापीठाचा संघ बांधावयाचा असतो. त्यांतील प्रत्येक जण आपापल्या महाविद्यालयात अग्रणी असतो; चेंडू आपल्याकडे यावा, निर्णय आपण करावा, अशी त्याला सवय झालेली असते. बास्केटबॉलचा असा संघ मैदानात उतरला की प्रेक्षकांत दोन मते हटकून ऐकू येतात. गुण असला की मेळ आपोआप बसतो, हे एक. आणि नामवंतांचा अहंकार मेळ बसू देत नाही, हे दुसरे.

ही दोन्ही मते अपुरी आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मुंबई इलाख्याच्या क्रिकेटचा सुमारे पाऊणशे वर्षांचा इतिहास पाहिला असता असे दिसते, की संघातील मेळ बिघडतो तो बहुधा नामवंतांच्या संख्येमुळे नव्हे, तर मानाचा क्रम कोणत्या कसोटीने लावावयाचा याविषयी संघात एकवाक्यता नसल्यामुळे. तो क्रम खेळाबाहेरून, म्हणजे जातीवरून, कुळावरून अथवा संपत्तीवरून आणलेला असला, तर नामवंत खेळाडू कितीही विनयशील असला तरी मेळ पुरा होत नाही. उलट, तो क्रम खेळाच्याच कसोटीवर लागलेला असला आणि सर्वांना मान्य असला, तर एकाच संघात आठ-दहा नामवंत सुखाने नांदू शकतात.

विषयप्रवेशापूर्वी एका शब्दाकडे लक्ष वेधणे अस्थानी होणार नाही. आपण 'संघ' हा शब्द सहज वापरतो. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायातील एका सूत्रात 'संघ' आणि 'उद्घ' हे दोन शब्द जोडीने सिद्ध केले आहेत. दोहोंचा धातू एकच, 'हन्'. भेद केवळ उपसर्गाचा. 'संघ' म्हणजे समुदाय आणि 'उद्घ' म्हणजे प्रशंसेस पात्र असलेला, नावाजलेला मनुष्य. पहिला शब्द मराठीत नित्याचा झाला, दुसरा लुप्त झाला. शब्दांच्या व्युत्पत्तीवरून समाजाचे नियम काढणे हा अशास्त्रीय मार्ग होय, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. तथापि समुदाय आणि त्यातील नावाजलेला पुरुष यांची नावे एकाच धातूपासून निघावीत, हा योगायोग आपल्या प्रश्नाचे स्वरूप ध्यानात ठेवण्यास उपयोगी पडतो. संघ आणि तारा या परस्परविरोधी वस्तू नव्हेत. त्यांचा संबंध कोणत्या अटीवर जुळतो, एवढाच प्रश्न आहे.

२

या प्रश्नाची चर्चा आज बहुधा बास्केटबॉलच्या अनुषंगाने होते, आणि त्याला कारण आहे. या खेळात मैदानावर एका बाजूचे पाचच खेळाडू असतात आणि चेंडू एकच असतो. एकाने तो हाती ठेवला म्हणजे इतर चौघांना तेवढा काळ त्याविना राहावे लागते. १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने व्यावसायिक नामवंतांचा संघ पाठविला आणि त्याने सुवर्णपदक सहज जिंकले. २००४ साली अथेन्समध्ये त्याच देशाचा व्यावसायिक खेळाडूंचा संघ पहिल्याच सामन्यात प्वेर्तो रिकोकडून ९२-७३ असा हरला आणि त्याला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. त्याच वर्षी लॉस एंजेलिस लेकर्स या संघात शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन व गॅरी पेटन असे चार विख्यात खेळाडू असताना अंतिम मालिकेत डेट्रॉइट पिस्टन्सने त्याला चार विरुद्ध एक असे पराभूत केले. २०१४ साली रॉडरिक स्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मानसशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की बास्केटबॉल व फुटबॉल यांत अव्वल खेळाडूंचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की संघाची कामगिरी खालावू लागते. बेसबॉलमध्ये मात्र तसे आढळत नाही. बेसबॉलमध्ये प्रत्येकाची पाळी स्वतंत्र असते, हे त्याचे कारण त्यांनी दिले.

बेसबॉलविषयी जे म्हटले ते बव्हंशी क्रिकेटलाही लागू आहे. फलंदाज आपल्या पाळीस खेळतो. त्याच्या धावा दुसऱ्याच्या धावांतून वजा होत नाहीत. मग मेळाचा प्रश्न अभ्यासण्यास क्रिकेट का निवडावे? नेमके याच कारणासाठी. बास्केटबॉलमध्ये मेळ बिघडण्याची दोन कारणे एकमेकांत मिसळलेली असतात : एक, वाटून घ्यावयाचा एकच चेंडू, दुसरे, संघातील मानाचा क्रम. क्रिकेटमध्ये पहिले कारण दुर्बल असते, म्हणून दुसरे अधिक स्पष्टपणे पाहावयास मिळते.

क्रिकेटमध्ये मेळाची गरजच नसते, असा मात्र याचा अर्थ नव्हे. डिसेंबर १९४३ मधील पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. 'शेष' संघाच्या दुसऱ्या डावात एकूण ३८७ धावा झाल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या होत्या. सहाव्या गड्यासाठी त्यांनी आपले बंधू विवेक यांच्यासमवेत ३०० धावांची भर घातली. त्यांत विवेक यांचा वाटा अवघ्या २१ धावांचा, परंतु एक टोक धरून ठेवण्याचे काम त्यांनी केले. एवढा पराक्रम होऊनही हिंदू संघाने तो सामना एक डाव व ६१ धावांनी जिंकला. एका ताऱ्याने संघ होत नाही, हे येथे आकड्यांनीच सिद्ध झाले. अनेक ताऱ्यांनी तो होतो काय, हे आता पाहावयाचे आहे.

३

त्यासाठी मागे, हिंदू संघाच्या आरंभकाळाकडे जावे लागेल. मुंबईत युरोपियन व पारशी यांचे सामने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले होते. १९०६ साली हिंदू संघ प्रथमच युरोपियनांसमोर उभा राहिला. १९०७ पासून तिरंगी, १९१२ पासून चौरंगी व १९३७ पासून पंचरंगी सामने सुरू झाले, आणि १९४५-४६ च्या मोसमानंतर ही स्पर्धा कायमची बंद पडली. धर्मावर संघ उभारण्याची ही पद्धती सदोष होती, यात वाद नाही. परंतु तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. 'हिंदू' असा एकच संघ म्हटल्यावर त्यात कोणाला घ्यावयाचे आणि कोणाला नाही, हा प्रश्न हिंदू समाजाला चारचौघांत, हजारो प्रेक्षकांसमक्ष सोडवावा लागला.

हा प्रश्न ज्यांच्यामुळे उभा राहिला ते बाळू पालवणकर हे त्या काळचे भारतातील सर्वश्रेष्ठ गोलंदाज म्हणावयास हरकत नाही. त्यांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करी सेवेत होते. पुण्यास प्रथम एका पारशी क्लबात मैदान झाडण्याचे व खेळपट्टीवर रूळ फिरविण्याचे काम त्यांनी केले. पुढे ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले. तेथे सरावाच्या जाळ्यात साहेबांना चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी मंदगती गोलंदाजी सिद्ध झाली. कॅप्टन ग्रेग या नामांकित फलंदाजाला तासन्‌तास गोलंदाजी करून ते घडले. फलंदाजीची संधी मात्र तेथे त्यांना मिळाली नाही.

पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंना युरोपियनांवर विजय हवा होता आणि त्याचे साधन त्यांच्या डोळ्यांसमोर रूळ फिरवीत होते. बऱ्याच वादानंतर बाळूंना संघात घेण्यात आले. मैदानात जो चेंडू बाळूंनी हाताळला तोच इतरांनी हाताळला. परंतु चहाच्या वेळी सहकारी मंडपात चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत असता बाळूंना तो बाहेर, टाकाऊ मडक्यातून दिला जाई. जेवणाचे ताटही वेगळे आणि जागाही वेगळी.

येथे क्षणभर थांबून संघाच्या दृष्टीने विचार केला पाहिजे. हा संघ गुणांनी युक्त होता आणि त्याचा सर्वांत गुणी खेळाडू विनयशील होता. त्याने अहंकाराने मेळ बिघडविला असे कोणीही म्हटले नाही. तथापि या संघाला एकजीव म्हणता येईल काय? मैदानावर एक क्रम आणि सीमारेषेबाहेर त्याच्या उलट क्रम, अशी ही स्थिती होती. नामवंतांच्या अहंकाराचा सिद्धान्त येथे निरुपयोगी ठरतो. कारण येथे जो मान अडून बसला होता तो ताऱ्याचा नव्हता, भोवतालच्यांचा होता.

प्लेगच्या काळानंतर बाळू मुंबईस आले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याच्या संघात व पुढे बी. बी. सी. आय. रेल्वेच्या संघात ते खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू व युरोपियन यांचा पहिला सामना झाला. हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. १०९ धावांच्या या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या पत्राने या विजयाचे श्रेय केवळ फलंदाजी-गोलंदाजीला न देता सामाजिक सुधारणेला दिले. पुण्यात बाहेर मडक्यातून चहा घेणारा खेळाडू मुंबईत सहकाऱ्यांच्या पंक्तीस बसू लागला होता, आणि जिंकला तो हा संघ, असा त्या लेखनाचा रोख होता.

या विवेचनात सुधारकाचा उत्साह आहे हे मान्य करूनही त्यातील निरीक्षण महत्त्वाचे आहे. खेळात प्रवेश आणि पंक्तीत प्रवेश या दोन भिन्न पायऱ्या असून पहिलीवर थांबलेला संघ अपुरा राहतो, हे त्या पत्राने शतकापूर्वी ओळखले होते.

४

परंतु तिसरी एक पायरी शिल्लक होती : पदाची. पंक्तीत घेणे म्हणजे बरोबरीने वागविणे. नेतृत्व देणे म्हणजे त्याची आज्ञा मानणे. पहिल्यापेक्षा दुसरे किती कठीण होते हे पुढील सतरा वर्षांच्या इतिहासावरून दिसते.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची एकंदर कामगिरी सामान्य झाली, परंतु बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक गडी बाद केले. परत आल्यावर त्यांचे सत्कार झाले. वय, अनुभव आणि गुण या तीनही कसोट्यांवर हिंदू संघाचे नायकत्व त्यांच्याकडे यावयास हवे होते. ते आले मुकुंद दामोदर पै यांच्याकडे. स्वतः पै हे चांगले खेळाडू आणि तितकेच सरळ गृहस्थ होते. १९१३ साली त्यांचा सत्कार झाला तेव्हा, हा मान ज्येष्ठ व अनुभवी खेळाडू म्हणून बाळूंना मिळावयास हवा होता, असे त्यांनी स्वतःच सांगितले. ही साक्ष मोठी बोलकी आहे. संघातील खेळाडूंना खेळाचा क्रम ठाऊक होता. तो मान्यही होता. तो लागू करू न देणारी सत्ता निवड समितीत, म्हणजे खेळपट्टीच्या बाहेर होती.

बाळूंचे बंधू शिवराम व विठ्ठल हेही एव्हाना हिंदू संघाचे आधारस्तंभ झाले होते. विठ्ठल हे तर त्या पिढीतील श्रेष्ठ फलंदाजांपैकी एक. १९२० साली प्रश्न उघड झाला. पै आजारी असल्यामुळे पहिल्या सामन्यासाठी नवा नायक नेमावयाचा होता. बाळूंना संघातूनच वगळण्यात आले आणि नायकत्व दिनकर बळवंत देवधर यांच्याकडे गेले. देवधर हे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापक. त्यांच्या गुणांविषयी शंका नव्हती, परंतु विठ्ठल व शिवराम त्यांच्याहून अनुभवी होते. या अन्यायाचे कारण जात हेच आहे असे जाहीर करून दोघे बंधू संघाबाहेर राहिले. वृत्तपत्रांतून मोठा वाद झाला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यास पै परतले. बाळूंना उपनायक म्हणून परत बोलाविण्यात आले आणि दोघे बंधूही संघात आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले, आणि तेवढ्यापुरते संघाचे नेतृत्व बाळूंनी केले. बाळूंच्या दीर्घ कारकिर्दीला हिंदू संघाचे नायकत्व मिळाले ते एवढेच.

या प्रसंगाचा अर्थ कसा लावावयाचा? नामवंतांनी मानासाठी संघ सोडला, म्हणून दोष त्यांचा, असे त्या वेळीही म्हटले गेले असेल आणि आजही म्हणता येईल. तथापि 'मान' या एका शब्दात दोन भिन्न अर्थ आपण कोंबतो. आपल्या वाट्याहून अधिक मागणे हा एक मान; आपला वाटा खेळाव्यतिरिक्त कारणाने नाकारला जाऊ नये अशी अपेक्षा हा दुसरा. पहिला संघाला फोडतो. दुसऱ्याचा अव्हेर केल्याने संघ फुटतो. पालवणकर बंधूंचा आग्रह दुसऱ्या प्रकारचा होता.

१९२३ साली विठ्ठल यांना हिंदू संघाचे नायकत्व मिळाले. त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली, आणि तथाकथित उच्चवर्णीय प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेऊन मिरविले. विठ्ठल यांच्या नेतृत्वाखाली देवधरही खेळले आणि सी. के. नायडूही खेळले. ज्यांच्यावरून १९२० चा वाद झाला ते देवधर आणि विठ्ठल एकाच संघात आपापले काम करीत राहिले. नायकत्वाचा निर्णय खेळाच्या कसोटीवर होताच नामवंतांचा हा संघ नांदू लागला. केवळ नायक बदलल्याने विजय मिळाला असे म्हणणे अर्थातच धाडसाचे होईल. नायडू व देवधर यांचा तो ऐन उमेदीचा काळ होता. आपल्याला एवढेच म्हणता येते, की जो मेळ ताऱ्यांच्या स्वभावामुळे अशक्य भासत होता तो क्रम न्याय्य होताच शक्य झाला.

मैदानावरील या घटनेचा प्रभाव किती दूर पोहोचला याविषयी अतिशयोक्ती करू नये. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींना पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे द्वार अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. विठ्ठल पालवणकरांना खांद्यावर घेतल्याला तेव्हा चोवीस वर्षे होत आली होती. क्रीडांगणावरचा क्रम समाजात आपोआप उतरत नाही. समाजातला क्रम मात्र क्रीडांगणावर फार सहज शिरतो.

५

पालवणकरांचा हा झगडा चालू होता त्याच काळात महाराष्ट्रातील दुसऱ्या एका क्षेत्रात नामवंतांच्या एकत्र येण्याचा प्रयोग झाला. तुलनेसाठी त्याचा थोडक्यात उल्लेख करतो. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी व ललितकलादर्श यांनी खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग केला. बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेत होते आणि केशवराव भोसले धैर्यधराच्या. बालगंधर्वांच्या गायनाच्या आरंभीच्या शिक्षणाचा जळगावशी असलेला संबंध खानदेशातील वाचकांस ठाऊक आहेच. दोन प्रतिस्पर्धी मंडळींचे दोन अग्रणी, दोघांचे चाहते परस्परांशी वाद घालणारे. तरीही प्रयोग अपूर्व रंगला, आणि त्याची आठवण शंभर वर्षांनंतरही टिकून आहे.

येथे मेळ बसला त्याची कारणे उघड आहेत. कोणाच्या वाट्याला किती पदे आणि किती प्रवेश हे नाटककाराने आधीच ठरविले होते. हेतू दोघांच्याही पलीकडचा होता. आणि एकत्र राहावयाचे होते ते अल्पकाळ. दीर्घकाळाच्या भागीदारीचे चित्र निराळे दिसते. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघा गुणवंतांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली; परंतु काही वर्षांतच टेंबे आणि बोडस दोघेही तिच्यातून बाहेर पडले. एका रात्रीचा मेळ आणि वर्षानुवर्षांचा मेळ या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येईल. चार दिवसांच्या स्पर्धेसाठी निवडलेला विद्यापीठाचा संघ पहिल्या प्रकारचा असतो, आणि म्हणून त्याला प्रत्येकाचे काम आधीच स्पष्ट नेमून देणारा शिक्षक नाटककाराइतकाच आवश्यक असतो.

वैयाकरणांनी समासांचे जे वर्गीकरण केले आहे ते पदांच्या प्राधान्यावर आधारलेले आहे. द्वंद्वात दोन्ही पदे प्रधान असतात, तत्पुरुषात उत्तरपद, बहुव्रीहीत मात्र एकही घटक पद प्रधान नसून सगळी मिळून तिसऱ्याच वस्तूचा बोध करतात. संयुक्त 'मानापमान' हा द्वंद्व होता आणि तो एका प्रयोगापुरता उत्तम होता. वर्षानुवर्षे जिंकणाऱ्या संघाला बहुव्रीही व्हावे लागते.

६

असा बहुव्रीही संघ मुंबईने निर्माण केला. १९५८-५९ ते १९७२-७३ या सलग पंधरा मोसमांत रणजी करंडक मुंबईकडे राहिला. या काळात पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी, रमाकांत देसाई, फरोख इंजिनियर, दिलीप सरदेसाई, अजित वाडेकर, एकनाथ सोलकर, सुनील गावसकर असे कसोटी खेळाडू या संघातून खेळले. नामवंतांची गर्दी म्हणावी तर ती येथे होती. तरी मेळ बिघडला नाही, तो का?

पहिले कारण असे, की संघाची घटना धर्माची वा जातीची उरली नव्हती. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे मानाचा क्रम ठरविणारी यंत्रणा. १९४८ साली डॉ. कांगा यांच्या नावाने सुरू झालेली कांगा लीग पावसाळ्यात, ओल्या व अनाच्छादित खेळपट्ट्यांवर खेळली जाते. तेथे कसोटी खेळाडूला आणि महाविद्यालयीन पोराला सारख्याच चिखलात, सारख्याच उसळत्या-लोळत्या चेंडूंशी झुंजावे लागे. दादर युनियन, शिवाजी पार्क यांसारखे क्लब आणि कचेऱ्यांचे संघ यांच्या सामन्यांत प्रत्येकाचे मोल वर्षानुवर्षे, सर्वांच्या देखत ठरत असे. रणजी संघात प्रवेश होईपर्यंत कोण काय करू शकतो हे सर्वांना ठाऊक झालेले असे. त्यासाठी भांडावे लागत नसे. परस्परांविरुद्ध कडवेपणाने खेळलेले हे खेळाडू मुंबईसाठी एकत्र येत तेव्हा त्यांच्यात खेळाविषयीची एक समान बोली तयार झालेली असे. विकेट फेकावयाची नाही, झेल सोडावयाचा नाही, समोरच्याला सवलत द्यावयाची नाही : 'खडूस' हा एकच शब्द मुंबईकर यासाठी वापरतात. शब्द निंदेचा, वापर अभिमानाचा, असे हे अर्थांतर भाषाभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

या यंत्रणेची खरी परीक्षा १९७०-७१ साली झाली. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर आणि अशोक मांकड हे पाचही जण वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होते. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या खेळाडूंनी अंतिम सामना खेळला आणि महाराष्ट्र संघाला हरवून करंडक मुंबईतच ठेवला. आपला खानदेश ज्या संघाच्या क्षेत्रात मोडतो तोच हा महाराष्ट्र संघ. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने करंडक जिंकला होता. तारे बाहेर असताना संघ जिंकला, यावरून ताऱ्यांचे मोल कमी ठरत नाही. मेळ ताऱ्यांत नसून त्यांना घडविणाऱ्या व्यवस्थेत होता, एवढे मात्र ठरते.

या संघात सोलकरांचे स्थान विशेष विचारार्ह आहे. त्यांचे वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्यांचे प्रमुख होते आणि तेथेच हे कुटुंब राहत असे. हा तोच जिमखाना, ज्याच्यासाठी बाळू पालवणकर खेळले. सोलकरांची कीर्ती मुख्यतः फलंदाजाच्या अगदी निकट उभे राहून झेल घेण्याबद्दल झाली. २७ कसोटी सामन्यांत त्यांनी ५३ झेल टिपले. झेल घेणाऱ्याच्या कीर्तीत गोलंदाजाचा वाटा असतो आणि गोलंदाजाच्या यशात झेल घेणाऱ्याचा. ही कला स्वभावतःच दुसऱ्याच्या यशात आपले यश पाहणारी आहे. मैदान राखणाऱ्याचा मुलगा आणि मध्यमवर्गीय पदवीधर एका संघात बरोबरीने उभे राहिले, त्यांच्या कामाचा मान सारख्याच मोकळेपणाने झाला, हे पुण्याच्या त्या मडक्यापासून मुंबईच्या क्रिकेटने काटलेले अंतर होय.

ही व्यवस्था म्हणजे विजयाची हमी नव्हे. १९७३-७४ च्या मोसमात कर्नाटकाने उपांत्य सामन्यात मुंबईला रोखले आणि पंधरा वर्षांची मालिका खंडित झाली. १९९०-९१ च्या अंतिम सामन्यात दिलीप वेंगसरकर, संजय मांजरेकर, सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी एका संघात असताना हरयाणाने मुंबईला अवघ्या दोन धावांनी हरविले. वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिले. तेथे मेळ नव्हता असे म्हणता येणार नाही. प्रतिपक्षही खेळावयास उतरलेला असतो, एवढेच त्याचे तात्पर्य.

७

येथवरच्या विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतील. पहिला : नामवंतांच्या संघातील मेळ हा मुख्यतः स्वभावाचा प्रश्न नसून व्यवस्थेचा प्रश्न आहे. विनयशील बाळू असतानाही मेळ अपुरा राहिला आणि कडव्या प्रतिस्पर्ध्यांचा मुंबई संघ एकजीव झाला. दुसरा : मेळाच्या तीन पायऱ्या आहेत, खेळात प्रवेश, पंक्तीत प्रवेश आणि पदाचा अधिकार, पहिलीवर थांबलेल्या संघाला गुण मिळतो, परंतु एकजीवपण मिळत नाही. तिसरा : मानाचा क्रम सर्वांच्या देखत, खेळाच्याच कसोटीवर आणि संघ निवडण्यापूर्वी पुष्कळ आधीपासून लागत गेला पाहिजे. निवडीच्या दिवशी तो लावू पाहणारी समिती उशिरा जागी झालेली असते.

बास्केटबॉलमध्ये एकाच चेंडूचे बंधन असल्यामुळे कामाच्या वाटपाची अधिक काळजी घ्यावी लागेल, हे खरे. परंतु आपल्या भागातील संघबांधणीत जेव्हा मेळ बसत नाही तेव्हा प्रथम उत्तम खेळाडूच्या स्वभावाकडे बोट दाखविण्याची जी रीत आहे, ती सोडून काही साधे प्रश्न आधी विचारावेत. या संघात नायक कोणत्या कसोटीवर निवडला? प्रवासात कोण कोणाजवळ बसतो? डबा उघडल्यावर कोण कोणाच्या डब्यात हात घालतो आणि कोण दूर जाऊन खातो? बाळू पालवणकर १९५५ साली निवर्तले. त्यांच्या काळी या प्रश्नांची उत्तरे मंडपाबाहेर ठेवलेल्या मडक्यावरून कोणालाही वाचता येत होती. आज ती अधिक बारकाईने वाचावी लागतात. तेवढ्याने ती वाचण्याची जबाबदारी कमी होत नाही.